आधी काढायचं, मग लावायचं

वाचकाचं पत्र थोडं कापून देतोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

“मी ५६ वर्षांचा, नाशिकला असतो. १९९५ साली, सव्वीस वर्षांचा असताना, टक्कल पडायला लागलं आणि लग्न जमेना, म्हणून मुंबईला जाऊन हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. दोन बैठका झाल्या. पाच-सहा वर्षं ठीक दिसलं. मग लावलेल्या केसांच्या मागचे, टाळूवरचे माझे स्वतःचे केस गेले आणि पुढे कपाळावर नुसती पुंजक्यांची रांग उरली. एकेका पुंजक्यात दहा-पंधरा केस, मध्ये रिकामी कातडी. बायकोने मोजले, साठच्या वर भरले. मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोटभर रुंद पांढरा व्रण आहे, त्यामुळे बारीक कटिंग करता येत नाही. वीस वर्षं टोपी घालतो. कलप लावतो. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, एका बैठकीत चार हजार ग्राफ्ट टाकू, जुनं सगळं झाकलं जाईल, आठ दिवसांत कामावर जाल, या महिन्यात बुक केलं तर सवलत. डॉक्टर भेटले नाहीत. बायको म्हणते, आता या वयात कशाला. काय करू?”

सप्रेम नमस्कार.

घाईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लग्नाआधी ऑपरेशन करू नका, आणि त्या मॅडमना आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. नवे लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. मुळं आत जिवंत असतात, पण वर काही दिसत नाही. उगवायला तीन-चार महिने लागतात आणि खरा निकाल कळायला वर्ष. आज ऑपरेशन केलंत तर मार्गशीर्षात तुमच्या कपाळावर जुने पुंजके असतीलच, वर लालसर डागही असतील. मांडवात वधूपिता फेट्यात असतो, त्यामुळे मुख्य दिवसाची काळजी करायला नको. हळद आणि रिसेप्शन यांचं काय करायचं ते खाली सांगतो.

आता चार हजार ग्राफ्टबद्दल. ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचा केसांचा छोटा गट. हे वाचून मला राग आला, तो तुमच्यावर नाही.

कधीच हात न लावलेल्या, दाट केसांच्या डोक्यातूनसुद्धा आयुष्यभरात सुरक्षितपणे निघणारे ग्राफ्ट साधारण पाच-सात हजारांच्या घरात असतात. तुमच्या मागच्या भागातून दोनदा कातडीची पट्टी आधीच गेली आहे, उरलेल्या जागेतून बोटभर व्रण गेलाय, आणि वय छप्पन्न. तिथे आता किती केस शिल्लक आहेत हे भिंगाखाली एका चौरस सेंटीमीटरमधले केस मोजल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. न मोजता ‘चार हजार’ म्हणणारा माणूस तुमच्या डोक्याकडे बघून बोलत नाही, दरपत्रकाकडे बघून बोलतो. समजा कसेबसे ओरबाडून काढलेच, तर मागची बाजू विरळ होऊन ठिपक्याठिपक्यांनी उघडी पडेल आणि व्रण आणखी उठून दिसेल.

आणि एवढं करूनही पुंजके झाकले जाणार नाहीत. ते ‘केस कमी आहेत’ म्हणून वाईट दिसत नाहीत. ते वाईट दिसतात कारण एका जागी खूप केस आहेत, ते सरळ उभे आहेत, आणि त्यांच्या बुडाशी कातडी थोडी उंचवटलेली किंवा खड्ड्यात गेलेली आहे. कपाळाजवळचे नैसर्गिक केस एकेकटे असतात आणि पुढच्या बाजूला कलून उगवतात. त्या उभ्या गठ्ठ्यांच्या आजूबाजूला तुम्ही कितीही बारीक केस पेरा, वारा आला की गठ्ठे वेगळे ओळखू येणारच.

म्हणून जुन्या ट्रान्सप्लांटच्या दुरुस्तीत क्रम ठरलेला आहे: आधी काढायचं, मग लावायचं. बहुतेक क्लिनिकांना उलटा क्रम आवडतो, कारण बिल लावण्याचं होतं, काढण्याचं नाही.

तुम्ही लिहिलं नाही, पण पत्राच्या सुरात ते जाणवलं, म्हणून सांगतो: तुम्ही तेव्हा मूर्खपणा केला नव्हता. केस लावण्याची ही पद्धत रूढ केली ती न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी. डोक्याच्या मागच्या भागातला केस कुठेही लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, म्हणजे गळत नाही, हे त्यांनी १९५९ साली मांडलं. ते तत्त्व आजही खरं आहे. फक्त त्या काळी कातडीचा चार मिलिमीटरचा गोल तुकडा, वीसएक केसांसकट, जसाच्या तसा बसवत. पुढे तुकडे लहान होत गेले. केस कातडीत एक ते चारच्या नैसर्गिक गटांत उगवतात, तर ते गट सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून लावावेत, हे काम टेक्सासचे डॉ. बॉबी लिमर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलं. तुमचं ऑपरेशन त्याच्या पुढच्या वर्षीचं. ही पद्धत आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षं लागली. केस गळणं रोखणारी फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत मंजूर झाली तीच मुळी १९९७ च्या डिसेंबरात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्या हातात रांगेमागचे केस टिकवायला फारसं काही नव्हतं. पण सव्वीस वर्षांच्या मुलाचं टक्कल अजून पसरणार आहे, आणि पुढे लावलेली रांग एक दिवस बेटासारखी एकटी उरेल, हे मात्र तेव्हाही सांगता आलं असतं. ते सांगितलं नाही, ही त्यांची चूक.

आता उपाय. तुमच्या बाबतीत ज्याला मी सगळ्यात वर ठेवतो तो म्हणजे पुंजके पातळ करणं.

स्थानिक भूल देऊन प्रत्येक पुंजक्याच्या आतून, त्याच्या घेरापेक्षा थोड्या लहान गोल पात्याने, बराचसा भाग काढून घेतात. कडेला दोन-चार केस मुद्दाम राहू देतात. पडलेलं भोक एखाद्या बारीक टाक्याने बंद करतात किंवा लहान असेल तर तसंच भरू देतात. महत्त्वाची गोष्ट ही, की काढलेला तुकडा फेकायचा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले एक-दोन-तीन केसांचे गट सुटे करून त्याच दिवशी दुसरीकडे लावतात. भाताच्या लावणीत कुणी घाईने अख्खी जुडीच चिखलात खोचली असेल, तर ती उपटून रोपं सोडवून अंतराअंतराने लावायची, तसंच हे काम. तुमच्या पत्रातलाच हिशेब करू. साठ पुंजके, प्रत्येकी बारा केस धरले आणि आठ-आठ काढले, तर पाचशेच्या आसपास केस सुटतात. गटांत मोजले तर अडीचशेच्या आतबाहेर ग्राफ्ट. काही काढताना तुटतील, ते सोडून द्या. तरीही मागच्या भागाला हात न लावता एवढे केस हाती येतात, आणि ते तीस वर्षं टिकून दाखवलेले केस आहेत.

हल्ली काही सर्जन एक मिलिमीटरच्या आसपासच्या पात्याने पुंजक्यातून एकेक गट अलगद वेचून काढतात. त्यात टाका लागत नाही. पण जुन्या व्रणात केसांची मुळं आतून वाकडीतिकडी वळलेली असतात, वरून दिसतो त्या दिशेने आतला केस असेलच असं नाही, त्यामुळे वेचताना मूळ तुटण्याचं प्रमाण वाढतं. कोणती रीत तुम्हाला लागू पडेल हे दोन-चार पुंजके काढून बघितल्यावरच कळतं.

हे एका दिवसात उरकायचं काम नाही. पुंजक्यांभोवतीची कातडी म्हणजे व्रणच, तिथला रक्तपुरवठा कमी असतो. एकदम सगळीकडे भोकं पाडली तर भरणं लांबतं आणि नवे ग्राफ्ट उपाशी मरतात. दोन किंवा तीन बैठका, मध्ये काही महिने, असं धरून चाला. कातडी अगदी पूर्वीसारखी सपाट होईल असं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जवळून पाहणाऱ्याला पोत थोडा वेगळा दिसेल. हातभर अंतरावरून लक्षात येणार नाही, इतपत अपेक्षा रास्त आहे.

एक गोष्ट आरशासमोर उभं राहून तुम्हीच मोजा. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून पुंजक्यांची पहिली रांग किती वर आहे? प्रौढ पुरुषाची केसांची रेषा साधारण सात ते नऊ सेंटीमीटरवर शोभते. त्या काळी पंचविशीच्या मुलांना खूश करायला ती फार खाली आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ आणून ठेवत. तुमची रांग सहाच्या खाली असेल तर ते पुंजके पातळ करून भागणार नाही, पूर्ण काढावे लागतील. कधी कधी सगळी पहिली रांग कातडीच्या अरुंद पट्टीसकट कापून टाके घालतात. राहणारी बारीक रेघ नंतर एकेरी केसांनी झाकतात. वाचायला भीषण वाटतं, पण रांग खरोखर खाली असेल तर हाच मार्ग कमी बैठकांत संपतो. आणि छप्पन्नाव्या वर्षी कोपरे थोडे मागे गेलेलेच बरे दिसतात, ते भरून घेऊ नका.

पुंजके निवळल्यावर लावणीची पाळी येते, आणि तेव्हासुद्धा थोडक्यात. पुढे एकेकट्या केसांची, मुद्दाम थोडी वेडीवाकडी, विरळ कड. तिच्यामागे दोन-तीन केसांचे गट. टाळूचा मागचा गोल मोकळा सोडायचा. तिथे घालण्याइतका साठा तुमच्याकडे बहुधा नाही, आणि पुढची चौकट नीट असेल तर मागच्या टकलाकडे कुणी बघत नाही.

मागचा साठा कमी पडला तर दाढीचे केस वापरता येतात. जबड्याच्या खालच्या, गळ्याकडच्या भागातून ते काढतात. जाड असल्यामुळे थोडक्यात भरीव दिसतात, पण त्याच कारणाने कपाळाच्या कडेवर ते चालत नाहीत, लगेच वेगळे कळतात. मधल्या भागात मिसळायला आणि व्रणात लावायला मात्र चांगले. छातीवरचे केस लावण्याचा आग्रह कुणी धरला तर नको म्हणा. ते वाढतात कमी आणि टिकण्याची खात्रीही कमी.

व्रणाकडे वळू. तुम्ही त्याला दुय्यम समजून एका ओळीत लिहिलंय, पण बारीक कटिंग करता न येणं ही रोजची अडचण आहे आणि तिथे सुधारणा तुलनेने सोपी आहे. व्रण रुंद का झाला, यावर उपाय ठरतो. दोन पट्ट्या काढून टाके ताणून घातले म्हणून रुंदावला असेल आणि आता मागची कातडी बोटांनी चांगली हलत असेल, तर तो कापून नव्याने टाके घालता येतात. त्यात कातडीची एक कड किंचित तासून घेतात, म्हणजे तिच्याखालचे केस व्रणातून वर उगवतात. याला ट्रायकोफायटिक क्लोजर म्हणतात. पण तुमच्या शरीराची जखम भरण्याची पद्धतच रुंद व्रणाची असेल, तर पुन्हा कापून पुन्हा तेवढाच व्रण मिळेल. दंडावर, गुडघ्यावर जुन्या जखमांचे डाग कसे भरले आहेत ते डॉक्टरांना दाखवा. छातीवर किंवा कानाच्या पाळीवर कधी कीलॉइडची, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, गाठ आली असेल तर पहिल्या भेटीतच सांगा, तिथे अख्खा बेत बदलतो.

कातडी घट्ट असेल तर कापायच्या भानगडीत न पडता व्रणातच दाढीचे शे-दोनशे केस लावतात. व्रणातले सगळे रुजत नाहीत, म्हणून दोनदा करावं लागू शकतं. त्यानंतर उरलेली पांढरी कातडी स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशनने ठिपके देऊन मिसळून टाकता येते. हे साधं गोंदण नव्हे. रंग वेगळा असतो आणि सुई उथळ जाते, म्हणून तो काही वर्षांत फिका पडतो आणि पुन्हा भरावा लागतो. गल्लीतल्या टॅटूवाल्याकडून करून घेऊ नका. तिथली शाई खोल जाते आणि पुढे निळसर दिसू लागते. आणखी एक अडचण तुमच्या वयात येते: केस पांढरे होत जातात, ठिपके काळेच राहतात. त्यामुळे कलप सोडायचा की नाही हे आधी ठरवा.

कलपावरून आठवलं. हा उपाय फुकट आहे आणि आजपासून करता येतो: काळाकुळीत कलप बंद करा. गव्हाळ कातडीवर काळेभोर पुंजके जेवढे उठून दिसतात तेवढे करडे दिसत नाहीत. लगेच पांढरं दिसायचं नसेल तर दोन छटा फिका तपकिरी रंग घ्या. पुंजके थोडे वाढवून, एका बाजूला तिरका भांग पाडून, मधल्या रिकाम्या कातडीवर केसांच्या रंगाची केराटिनची पूड, ज्याला दुकानदार हेअर फायबर म्हणतात, ती भुरभुरा. हळदीला घाम आणि पाणी असतं, तिथे ती ओघळेल, तेव्हा हळदीला गांधी टोपी बरी. रिसेप्शनला पूड चालून जाईल. दोन आठवडे आधी घरी करून बघा, आणि नाशिकमधल्या एखाद्या समजूतदार न्हाव्याला विश्वासात घ्या. अशा कामात न्हावी पुष्कळदा आम्हा डॉक्टरांपेक्षा उपयोगी पडतो.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात: सगळंच काढून टाकायचं आणि उघड टक्कल मिरवायचं. मला हा पर्याय आवडतो, आणि वयाच्या पन्नाशीनंतर तो निवडणारे बहुतेक समाधानी असतात. पण तो वाटतो तितका सोपा नाही. नुसता वस्तरा फिरवला तर पुंजक्यांखालचे उंचवटे आणि मागचा व्रण उघडा पडतो. लेझरने केस घालवायचे म्हटलं तर लेझर मुळातल्या काळ्या रंगाला पकडतो. पांढऱ्या केसावर तो काम करत नाही, आणि वरून कलप लावल्याने फरक पडत नाही कारण कलप मुळापर्यंत जात नाही. पांढऱ्यांसाठी विजेच्या सुईने एकेक मूळ जाळावं लागतं, त्याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. काम किचकट. शिवाय केस गेले तरी उंचवटे राहतातच. म्हणून या वाटेनेही पुंजके कापून काढावे लागतात, फक्त निघालेले केस पुन्हा लावायचे नसतात. तुमच्या टोपीचं मूळ कारण टक्कल आहे की पुंजके, याचा शांतपणे विचार करा. नुसते पुंजके असतील तर अर्धं काम इथेच संपतं.

हेअर पॅचबद्दल, म्हणजे टकलावर चिकटवायच्या विगसारख्या तुकड्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी कुणीतरी सुचवेलच. त्यात कमीपणा नाही. पण डिंक आणि क्लिपा यांनी उरलेले केस ओढले जाऊन कमजोर होतात, दर काही आठवड्यांनी देखभाल लागते, आणि उन्हाळ्यात फार त्रास होतो. लग्नापुरता भाड्याने मिळतो म्हणून घेऊ नका. पहिल्यांदा पॅच लावलेला माणूस फोटोत ओळखू येतो.

औषधांचं बोलायचं तर, पुंजक्यांमधल्या भागात तुमचे स्वतःचे बारीक केस अजून असतील तर ते टिकवायला अर्थ आहे. पाच टक्के मिनॉक्सिडिल हे केस टिकवायचं औषध डोक्याला लावायला साधारणपणे सुरक्षित आहे. तेच औषध आता पोटातूनही देतात, पण ते मुळात रक्तदाबाचं औषध आहे आणि तुमची बीपीची गोळी चालू आहे, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी येतात, हे घेण्याआधी माहीत हवं. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट ही, की त्याने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा (कर्करोगाच्या शंकेसाठी करतात ती रक्तचाचणी) आकडा जवळपास निम्मा होतो. छप्पन्नाव्या वर्षी सुरू करायचं तर आधी पीएसए करून घ्या, आणि पुढे दर वेळी तपासणाऱ्याला गोळीबद्दल सांगा.

रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनसाठी स्वतःहून थांबवू नका. ती थांबवायची का, किती दिवस, हे ज्याने सुरू केली तोच ठरवेल. केसांपेक्षा ती गोळी मोठी.

आता डॉक्टर निवडण्याविषयी. तुम्हाला क्लिनिकमध्ये डॉक्टर भेटलेच नाहीत, एवढ्यावरच तिथून उठायला हवं होतं. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं आहे की हेअर ट्रान्सप्लांट हे प्रशिक्षित डॉक्टरांचं, मुख्यतः प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञांचं, काम आहे. यूट्यूब बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ते शिकता येत नाही. तंत्रज्ञ मदत करू शकतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. असोसिएशन ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जन्स ऑफ इंडिया या संस्थेच्या सभासदांपासून शोध सुरू करा. सभासदत्व म्हणजे कौशल्याची हमी नव्हे, निदान कुणाला विचारायचं ते कळतं. नाशिकला नाही मिळाले तर मुंबई-पुण्याला दोन-तीन जणांना भेटा. इस्तंबूलला जाऊन केस लावून येण्याच्या पॅकेजचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर काढून टाका. पहिल्यांदा केस लावणाऱ्याचं ठीक, पण दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याच डॉक्टरने बघावं लागतं.

भेटीत सरळ विचारा: तुम्ही स्वतः जुने पुंजके किती जणांचे काढले आहेत? त्यांचे आधीचे आणि वर्षानंतरचे, केस ओले करून मागे ओढलेले फोटो दाखवा. पातं कोण चालवणार, तुम्ही की तंत्रज्ञ? मागचा साठा मोजून आकडा लिहून द्याल का? ‘ग्राफ्टमागे इतके रुपये’ असा भाव दुरुस्तीला लागू करणाऱ्यापासून सावध राहा. त्याला जास्तीत जास्त लावण्यातच रस असणार. आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूट हेअर ट्रान्सप्लांटला नाही, अठरा टक्के कर लागतो. तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे का हे विचारा, नाहीतर शेवटच्या दिवशी आकडा फुगतो. विमा कंपनीकडून काही मिळेल ही आशा ठेवू नका.

जुन्या डॉक्टरांवर दावा करावा का, असा प्रश्न तुमच्या पत्राच्या वर गाळलेल्या भागात एका ओळीत आहे. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनसाठी त्यात वेळ घालवू नका. नव्या कामाची मात्र सगळी कागदपत्रं, संमतिपत्राची प्रत आणि फोटो जपून ठेवा.

वहिनींच्या ‘या वयात कशाला’वर मला वाद घालायचा नाही. वीस वर्षं त्यांनी तुम्हाला टोपीत पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांना ते खुपत नाही. पण साठ पुंजके मोजले त्यांनीच, म्हणजे त्यांना विषय कळतो. डॉक्टरांच्या भेटीला त्यांना सोबत न्या. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसापेक्षा शेजारी बसलेला माणूस प्रश्न चांगले विचारतो.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले, की माघात किंवा फाल्गुनात पहिली बैठक ठरवा. तीही छोटी: फक्त दहा-बारा पुंजके, तेसुद्धा मागच्या रांगेतले, जिथे बिघडलं तरी दिसणार नाही. मागच्या भागाला त्या दिवशी हात लावू द्यायचा नाही. मग तीन महिने थांबा. भोकं कशी भरली, कातडी किती बसली, सुटे करून लावलेले केस वर येऊ लागले का, हे त्याच डॉक्टरांसोबत भिंगाखाली बघा. चांगलं भरलं असेल तर पुढच्या रांगेला हात घाला. डाग जाड आले असतील तर पुढे जाऊ नका, तेव्हा पिगमेंटेशन आणि फिक्या रंगाचाच विचार करू. त्या वेळचे फोटो मला पाठवलेत तर पुढचं तेव्हा लिहीन.